वाचकांचे प्रश्न : कॉफी रोस्टरची घरगुती बांधणी

कॉफीच्या कच्च्या बिया भाजण्यासाठी स्वतःच यंत्र तयार करणाऱ्या किंवा तयार यंत्रात फेरफार करणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. एकच शंका अनेकांनी निरनिराळ्या शब्दांत विचारली असेल, तेथे सर्वांना मिळून एक उत्तर दिले आहे. विजेच्या जोडणीचा सराव नसलेल्यांनी पहिल्या दोन उत्तरांतील कामे जाणकाराकडून करून घ्यावीत, ही विनंती.

प्रश्न : मी गरम हवेच्या पॉपकॉर्न मशीनमध्ये कॉफी भाजतो. चार मिनिटांतच बिया बाहेरून काळपट होतात, पण फोडून पाहिल्या तर आतून फिकट असतात आणि कॉफीला हिरवट, आंबूस चव येते. उष्णता कमी करण्यासाठी मशीनला डिमर लावला, तर पंखाही मंदावतो आणि बिया जागच्या हलेनाशा होतात. यावर उपाय कोणता?

उत्तर : आपल्या मशीनमध्ये पंखा आणि हीटर एकमेकांना बांधलेले आहेत, आणि आपल्या अडचणीचे मूळ तेथेच आहे. अशा बहुतेक मशीनमध्ये पंख्याची मोटर कमी व्होल्टच्या डीसी विजेवर चालते. मोटरला लागणारे कमी व्होल्ट मिळवण्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर नसतो. हीटरच्या मुख्य कॉइलच्या जोडीला असलेली दुसरी लहान कॉइल मोटरच्या मार्गात घातलेली असते, तीच जास्तीचे व्होल्ट उष्णतेच्या रूपात खाऊन टाकते आणि उरलेली वीज चार डायोडमधून मोटरकडे जाते. त्यामुळे बाहेरून डिमर लावला की दोन्ही गोष्टी एकदमच कमी होतात.

म्हणून पहिला फेरफार हाच करावा की मोटर या जोडणीतून पूर्णपणे सोडवून घ्यावी आणि तिला स्वतंत्र, व्होल्ट बदलता येणारा डीसी अडॅप्टर द्यावा. मोटर किती व्होल्टची आहे, हे तिच्यावर लिहिलेले नसल्यास जोडणी सोडवण्यापूर्वी मशीन चालू असताना तिच्या टोकांवरचे व्होल्ट मोजून ठेवावेत. मात्र हे मोजताना एक धोका पक्का ध्यानात धरावा. मोटरवर दिसणारे व्होल्ट पंधरा-वीसच असले, तरी ती वीज मुख्य पुरवठ्यापासून अलग केलेली नसते. मोटरचे कोणतेही टोक जमिनीच्या मानाने धोकादायक व्होल्टवर असू शकते, आणि त्याला हात लागल्यास किंवा त्याला संगणकाला जोडलेले एखादे उपकरण लावल्यास जिवावर बेतेल. स्वतंत्र अडॅप्टर दिल्यानंतर हा धोका मोटरपुरता संपतो, हीटरपुरता राहतोच.

मोटर वेगळी झाली की मुख्य कॉइलला डिमर लावता येतो. तो दिव्याचा साधा डिमर नसावा. 1,400 वॉटची कॉइल 230 व्होल्टवर सुमारे 6 अँपिअर वीज ओढते, तेव्हा त्याहून बराच जास्त भार सोसणारा आणि थंड राहण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्या असलेला डिमरच घ्यावा.

यानंतर बहुतेकांचा हात उष्णतेच्या बटणाकडे जातो. माझ्या मते तो हवेच्या बटणाकडे आधी जायला हवा. एक ग्रॅम हवेचे तापमान एक अंशाने वाढवायला साधारण एक ज्यूल ऊर्जा लागते, त्यामुळे हिशेब तोंडी करता येतो : वॉटला दर सेकंदाच्या हवेच्या ग्रॅमने भागले की हवा किती अंशांनी तापेल, ते निघते. 1,200 वॉटची कॉइल आणि सेकंदाला 5 ग्रॅम हवा असेल, तर हवा 240 अंशांनी तापते. पंखा थोडा वाढवून हवा 6 ग्रॅम केली, तर तीच कॉइल तिला 200 अंशांनीच तापवते. हीटरला हात न लावता 40 अंशांचा फरक पडला. प्रत्यक्षात उष्णतेची गळती होते म्हणून आकडे थोडे खाली येतील, पण प्रमाण हेच राहते.

भाजण्याच्या सुरुवातीला बिया जड असतात. त्यांच्यात साधारण 10 ते 12 टक्के पाणी असते. त्या वेळी त्या फिरत्या ठेवायला पंखा जोरात लागतो. पुढे पाणी निघून जाते, बिया फुगतात आणि हलक्या होतात, आणि तोच वारा त्यांना तोंडाबाहेर फेकू लागतो. तेव्हा पंखा टप्प्याटप्प्याने कमी करावा; पण पंखा कमी केला की हवा आपोआप अधिक तापते, म्हणून त्याच वेळी हीटरही थोडा खाली आणावा. हे दोन्ही हात एकत्र चालायला लागले की चार मिनिटांची भाजणी सहज सात-आठ मिनिटांवर येते आणि बी आतपर्यंत भाजली जाते.

मशीनच्या भांड्यात हवा बाजूच्या तिरप्या फटींतून येते की तळाच्या जाळीतून, हेही पाहून घ्यावे. फटींतून येणारी हवा बियांना गोल फिरवते. तळाला जाळी असेल, तर बियांवरची सुटलेली पातळ साल तिच्यातून खाली तापलेल्या कॉइलवर पडू शकते आणि पेट घेऊ शकते; असे मशीन या कामाला घेऊच नये.

प्रश्न : मशीन मध्येच आपोआप बंद पडते. आतला थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज (फार तापल्यास उडून वीज कायमची तोडणारा) काढून तारा थेट जोडल्या, तर चालेल का?

उत्तर : थर्मोस्टॅटबाबत विचार करता येईल, फ्यूजबाबत नाही. पॉपकॉर्न फुलायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुपटी-तिपटीने कॉफीला लागतो, त्यामुळे मूळ थर्मोस्टॅट मध्येच वीज तोडतो, हे खरे आहे. वर सांगितल्याप्रमाणे हीटरचा ताबा आपल्या हातात आला असेल, तर थर्मोस्टॅट थोड्या थंड जागी सरकवणे किंवा जास्त तापमानाचा बसवणे योग्य ठरते. थर्मल फ्यूज मात्र पंखा बंद पडल्यावर घर वाचवण्यासाठी असतो. तो वारंवार उडत असेल, तर अधिक तापमानाचा घ्यावा, पण जागेवर असावाच. तो बसवताना सोल्डर करू नये. एक तर सोल्डर करतानाच्या उष्णतेने तो जागीच उडतो, आणि दुसरे म्हणजे नेहमीचे कथिल-शिशाचे सोल्डर 183 अंशांनाच वितळू लागते. टोके धातूच्या नळीत दाबून, म्हणजे क्रिंप करून जोडावीत.

ज्यांनी हीटरसाठी सॉलिड स्टेट रिले (लहान विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरला आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट करावी. हा रिले बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो; म्हणजे नियंत्रक ‘बंद’ म्हणत असतो आणि कॉइल तापतच राहते. म्हणून त्याच्या आधी हाताने तोडता येईल असा पुरेशा क्षमतेचा स्विच हवा. शिवाय रिलेला चालू करणारी लहान वीज पंख्याच्या अडॅप्टरवरूनच घेतली, तर अडॅप्टर बंद असताना हीटर चालूच होऊ शकत नाही. एका तारेचे काम आहे, पण पंख्याविना तापून लाल झालेली कॉइल एकदा पाहिली की त्याचे मोल कळते. मोटर अडकल्यास किंवा तिची तार तुटल्यास मात्र ही युक्ती उपयोगी पडत नाही. तेथे थर्मल फ्यूजच कामी येतो.

मूळ मशीन प्लॅस्टिकच्या आवरणात असते आणि त्याला अनेकदा दोनच पिना असतात. आपण तेच भाग पत्र्याच्या पेटीत बसवले, की पेटीला अर्थिंग देणे अनिवार्य होते.

प्रश्न : फर्स्ट क्रॅक, म्हणजे बियांची पहिली तडतड, 196 अंशांच्या आसपास होतो, असे सगळीकडे वाचायला मिळते. माझ्या फिरत्या ड्रमच्या रोस्टरमध्ये तो 178 अंशांनाच ऐकू येतो. माझ्या एका स्नेह्याच्या हवेच्या मशीनमध्ये तोच 214 अंशांना होतो. तापमान मोजणारे थर्मोकपल खराब आहे का?

उत्तर : बहुधा दोघांचेही थर्मोकपल ठीक आहेत, ते बियांचे तापमान मोजत नाहीत, एवढेच. थर्मोकपल आपल्या टोकाचे तापमान सांगते. ड्रममध्ये बिया कमी असतील आणि टोक अर्धा वेळ मोकळ्या जागेत राहत असेल, किंवा थर्मोकपलची सळई जाड असेल, तर आकडा बियांच्या मागे रेंगाळतो आणि कमी दिसतो. हवेच्या मशीनमध्ये बियांपेक्षा बरीच गरम हवा टोकावर थेट आदळते, म्हणून तो जास्त दिसतो. आपला 178 आणि स्नेह्यांचा 214 हे दोन्ही आकडे एकाच घटनेचे असू शकतात.

तरीही एकदा पडताळणी करून घ्यावी. टोक उकळत्या पाण्यात धरावे. समुद्रसपाटीला ते 100 अंश दाखवील आणि उंचीवर दर 300 मीटरला साधारण एक अंश कमी. तेथे आकडा बरोबर आला, तर दोष जागेचा आहे. सळई 6 मिलिमीटर जाडीची असेल, तर 1.5 किंवा फार तर 3 मिलिमीटरची घ्यावी. ड्रम फिरताना बियांचा ढीग ज्या बाजूला चढतो, त्या बाजूला, ढिगाच्या पोटात राहील अशा रीतीने ती पुढच्या झाकणातून आत घालावी. हवेच्या मशीनमध्ये टोक बियांच्या थरात पुरलेले असावे, पण फटींच्या समोर नसावे.

जोडणीतले दोन दोष अनेक पत्रांत दिसतात. थर्मोकपलची तार अपुरी पडली म्हणून तिला तांब्याची साधी तार जोडली जाते. तसे केल्यास मोजणीचा संदर्भबिंदू (ज्या जागेच्या तापमानाशी टोकाची तुलना होते तो) त्या सांध्यावर येतो, आणि सांधा यंत्राजवळ तापला की आकडा तेवढ्याने चुकतो. लांबी वाढवायची असल्यास थर्मोकपलच्याच, म्हणजे बहुधा के प्रकारची तार वापरावी. दुसरे, मॅक्स 6675 किंवा मॅक्स 31855 या चिपचे छोटे बोर्ड संदर्भासाठी स्वतःचेच तापमान धरतात, म्हणून ते यंत्राच्या तापलेल्या पत्र्याला चिकटवून ठेवू नयेत. तापवल्यावर आकडा वाढण्याऐवजी उतरू लागला, तर दोन तारांची अदलाबदल झाली आहे, हे ओळखावे.

एवढे करूनही आपला आकडा 196 येणार नाही, आणि तो यावा असा हट्टही नसावा. आपल्या यंत्रात, ठरावीक वजनाच्या बियांना तडतड कोणत्या आकड्याला सुरू होते, एवढे प्रत्येक वेळी तेच राहिले की पुरे. आर्टिसन हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरून तापमानाचा आलेख काढला, तर आकड्यापेक्षा त्याच्या चढण्याचा वेग पाहावा. हा वेग सुरुवातीला जास्त आणि पुढे हळूहळू उतरता असावा. तडतडीच्या आधी तो जवळपास थांबला, तर कॉफी सपक होते, आणि तडतडीनंतर तो पुन्हा उसळला, तर जळकट.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलच्या डब्याचा 15 सेंटिमीटर व्यासाचा ड्रम केला आहे. खाली गॅसची ज्योत आणि फिरवायला गाडीच्या वायपरची मोटर आहे. ड्रम मिनिटाला 30 फेरे घेतो. बियांच्या सपाट बाजूवर काळे डाग पडतात. फेरे वाढवावेत का?

उत्तर : वाढवावेत, पण किती, याचा हिशेब करून. फेरे फारच वाढले, तर बिया भिंतीला चिकटून ड्रमबरोबर गोल फिरतात आणि एकमेकींत मिसळतच नाहीत. ही मर्यादा काढण्यासाठी 42.3 या आकड्याला ड्रमच्या मीटरमधील व्यासाच्या वर्गमुळाने भागतात. 15 सेंटिमीटर म्हणजे 0.15 मीटर; त्याचे वर्गमूळ 0.387, म्हणजे मर्यादा मिनिटाला 109 फेऱ्यांची. तिच्या 50 ते 60 टक्क्यांवर, म्हणजे 55 ते 65 फेऱ्यांच्या दरम्यान, बिया चांगल्या उसळून पडतात. आपल्या 30 फेऱ्यांत त्या तळाशी घसरत राहतात आणि तीच बाजू तापलेल्या पत्र्याला लागत राहते.

मात्र डागांना फेरे हे एकच कारण नसते. ज्योत पातळ पत्र्याला थेट लागत असेल, तर 60 फेऱ्यांतही डाग पडतील. ज्योत आणि ड्रम यांच्यामध्ये लोखंडाची जाड पट्टी ठेवावी, किंवा ड्रमला बाहेरून दुसरा पत्रा घालून मध्ये काही मिलिमीटरचे अंतर सोडावे. बिया घालण्यापूर्वी ड्रम किती तापवता, हे आपण लिहिलेले नाही. ते तापमान थोडे उतरवून पाहावे. आत दोन-तीन तिरप्या पात्या नसतील, तर त्या बसवाव्यात. त्या बियांना उचलून पुढे-मागे ढकलतात. पात्या फार उंच केल्या, तर बिया उंचावरून पडतात आणि थर्मोकपलच्या सळईला ढीग मिळत नाही.

एक गोष्ट आरेखनात सहसा राहून जाते. 30 सेंटिमीटर लांबीचा स्टेनलेस स्टीलचा दांडा 200 अंशांनी तापला की सुमारे एक मिलिमीटरने लांबतो. दोन्ही टोके घट्ट बसवली असतील, तर ड्रम थंड असताना सुरळीत फिरेल आणि ऐन तडतडीच्या वेळी अडकेल. एका टोकाला दांड्याला सरकायला जागा ठेवावी. बेअरिंग आणि मोटर पेटीबाहेर, तापणाऱ्या भागापासून दूर असावीत. साधे ग्रीस तापून पातळ होते आणि दांड्यावरून ओघळत आत येते.

प्रश्न : यंत्रासाठी कोणता पत्रा व कोणत्या तारा चालतात?

उत्तर : बियांना किंवा गरम हवेला लागणारा प्रत्येक भाग स्टेनलेस स्टीलचा असावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये. जस्त 420 अंशांच्या सुमारास वितळते आणि ज्योतीसमोर किंवा कॉइलजवळ ते तापमान गाठणे अवघड नसते. न चिकटणाऱ्या लेपाची भांडीही नकोत, कारण 260 अंशांच्या पुढे तो लेप बिघडू लागतो व घातक वाफा सोडतो. रंगवलेला डबा आधी खरवडून कोरा करावा. तारांचे नेहमीचे पीव्हीसी आवरण 70 अंशांपर्यंतचे असते, तेव्हा हीटरच्या आसपास काचतंतूचे आणि त्यापलीकडे सिलिकॉनचे आवरण असलेल्या तारा वापराव्यात.

प्रश्न : पंखा आणि हीटर वेगळे केल्यापासून उलट त्रास वाढला आहे. बटणे त्याच खुणांवर ठेवूनही सकाळची भाजणी नऊ मिनिटांत होते आणि संध्याकाळची बारा मिनिटे झाली तरी रेंगाळते.

उत्तर : संध्याकाळी व्होल्ट उतरत असणार. हीटरची ताकद व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे 230 व्होल्ट 210 वर आले, तर व्होल्ट 9 टक्क्यांनीच कमी झालेले दिसतात, पण 1,400 वॉटचा हीटर सुमारे 1,170 वॉटचा होतो, म्हणजे जवळजवळ सहावा भाग गेला. फेरफारापूर्वी हे जाणवत नव्हते, याचेही कारण आहे. तेव्हा व्होल्ट उतरले की पंखाही मंदावत असे, कमी उष्णता कमी हवेला मिळे आणि हवेचे तापमान बऱ्यापैकी टिकून राही. आता अडॅप्टर पंख्याला ठरावीक व्होल्ट देत राहतो. हवा पूर्वीइतकीच आणि उष्णता मात्र कमी. फेरफार चुकलेला नाही. आधी झाकलेली गोष्ट उघडी पडली आहे.

यावर स्वस्त उपाय म्हणजे हीटरच्या मार्गात वॉटमीटर बसवणे आणि बटणाच्या खुणेऐवजी वॉट पाहून बटण फिरवणे. हीटर सकाळी पूर्ण ताकदीवर चालवत असाल, तर संध्याकाळी वाढवायला जागाच उरणार नाही, म्हणून नेहमीची भाजणी 85 टक्क्यांच्या आत बसेल असे बियांचे वजन ठरवावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे कॉइल आणि बिया यांच्यामध्ये दुसरे थर्मोकपल बसवून पीआयडी नियंत्रकाला (ठरवलेले तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणाला) आत येणाऱ्या हवेचे तापमान सांभाळायला सांगणे. बियांच्या थर्मोकपलवर पीआयडी चालवण्याचा मोह टाळावा. बिया उशिरा तापतात, नियंत्रक तोवर उष्णता वाढवत राहतो आणि मग एकदम मर्यादा ओलांडतो. हवा मात्र काही सेकंदांतच प्रतिसाद देते. लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायर वापरत असाल, तर ती आधी बदला. तिच्यातही व्होल्ट गळतात आणि ती गरम होते, ते वेगळेच.

प्रश्न : धूर आणि सालीचा कोंडा यांचे काय करावे? बिया किंवा कोंडा पेटलाच, तर?

उत्तर : कोंडा बियांसोबत राहू देऊ नये. हवेच्या मशीनच्या तोंडावर नळकांडे बसवून ती हवा जाळीच्या झाकणाच्या मोठ्या डब्यात सोडली, की तिचा वेग पडतो आणि कोंडा तळाशी बसतो. जाळी फार बारीक असू नये. ती तुंबली की मागे दाब वाढतो, यंत्रातली हवा कमी होते आणि पहिल्या उत्तरातला हिशेब उलटा फिरून तापमान चढते. प्रत्येक भाजणीनंतर डबा रिकामा करावा.

सेकंड क्रॅकच्या (दुसऱ्या तडतडीच्या), म्हणजे साधारण 225 अंशांच्या पुढे धूर झपाट्याने वाढतो. त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो, म्हणून बंद खोलीत भाजू नये. पेट घेतलाच, तर उष्णता आणि वारा दोन्ही तत्काळ तोडावेत, यंत्राची तोंडे धातूच्या झाकणाने बंद करावीत आणि आतले बघण्यासाठी झाकण उघडू नये. उघडताच ताजी हवा मिळून ज्योत उसळते. वीज जोडलेली असताना पाणी मारू नये. कोरड्या पावडरीचे अग्निशामक हाताशी, पण यंत्रापासून दोन पावले दूर असावे.

प्रश्न : भाजलेल्या बिया थंड करण्यासाठी संगणकाचा पंखा लावला आहे, तरी दहा मिनिटे लागतात. इतका वेळ चालतो का?

उत्तर : नाही. बिया बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने भाजत राहतात, म्हणून त्या चारएक मिनिटांत हाताला सोसतील इतक्या निवायला हव्यात. संगणकाचा पंखा मोकळ्या जागेत भरपूर हवा देतो, पण बियांच्या थरातून ती ओढायची वेळ आली की त्याचा जोर सरतो. त्याऐवजी शंखाच्या आकाराच्या घरातला, हवा बाजूने फेकणारा ब्लोअर घ्यावा. चाळणी पेटीच्या तोंडावर बसवून कडेच्या फटी बंद कराव्यात आणि ब्लोअरने हवा चाळणीतून खाली ओढावी, म्हणजे उरलेला कोंडाही सोबत जातो. थर तीन सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि लाकडी चमच्याने बिया हलवत राहावे. हवेचे मशीन वापरणाऱ्यांनी बिया आतच निववण्यापेक्षा ओतून घ्याव्यात, कारण हीटर बंद केल्यावरही कॉइल आणि भांडे काही काळ गरम हवाच देत राहतात. बिया ओतल्यानंतर पंखा मात्र कॉइल निवेपर्यंत चालू ठेवावा.